प्रक्रियकांची तापमानमर्यादा
लॅपटॉप संगणकातील मध्यवर्ती प्रक्रियक (गणनकार्य करणारी प्रमुख चिप) व आलेखिकी प्रक्रियक (पडद्यावरील चित्रे तयार करणारी चिप) यांचे कार्य चालू असताना त्यांतील सिलिकॉनच्या तुकड्याचे तापमान ज्या कमाल पातळीपर्यंत वाढू दिले जाते, त्या पातळीस तापमानमर्यादा म्हणतात. मध्यवर्ती प्रक्रियकाच्या बाबतीत ही मर्यादा बहुधा ९५° ते १०५° से. व आलेखिकी प्रक्रियकाच्या बाबतीत सामान्यतः ८५° ते १०५° से. यांदरम्यान असते. हे आकडे सिलिकॉनच्या गुणधर्मांवरून सरळ निघत नाहीत. गती, टिकाऊपणा, किंमत व हाताळणाऱ्याची सोय यांच्यात उत्पादकांनी केलेल्या तडजोडीचे ते फलित असून त्यांमागे पाऊणशे वर्षांचा अनुभव आहे.

प्रारंभीचा काळ : १९४६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पूर्ण झालेल्या ‘एनिअ‍ॅक’ या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या व त्याला सु. १५० किलोवॉट शक्ती लागे. ती बहुतेक सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर पडत असल्यामुळे पंख्यांनी सतत हवा खेळवावी लागे. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रँझिस्टरचा शोध लागला व उष्णतेचा प्रश्न सौम्य झाला. परंतु पहिले ट्रँझिस्टर जर्मेनियमचे होते व सु. ७५° से.च्या पुढे ते भरवशाचे राहत नसत. १० मे १९५४ रोजी डेटन (ओहायओ) येथील परिषदेत टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे गॉर्डन टील यांनी ध्वनिमुद्रिका वाजविणाऱ्या यंत्राच्या विवर्धकातील जर्मेनियम ट्रँझिस्टर तापलेल्या तेलात बुडविले, तेव्हा संगीत बंद पडले. त्यांच्या जागी सिलिकॉनचे ट्रँझिस्टर जोडून तोच प्रयोग केल्यावर ते चालूच राहिले. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मुक्त होण्यास जर्मेनियमच्या मानाने अधिक ऊर्जा लागते, हे यामागील कारण होय. सिलिकॉनचे घटक १२५° ते १५०° से.पर्यंत काम देऊ शकतात. पुढे एकात्मीकृत मंडलांसाठी सर्वसाधारण वापराकरिता ०° ते ७०°, औद्योगिक वापराकरिता −४०° ते ८५° व लष्करी वापराकरिता −५५° ते १२५° से. अशा श्रेणी रूढ झाल्या.

मर्यादेची कारणे : तापमान वाढले की ट्रँझिस्टरमधून होणारी विद्युत् प्रवाहाची गळती वाढते, गळतीमुळे आणखी उष्णता निर्माण होते. दुसरे कारण ऱ्हासाच्या वेगाचे आहे. रासायनिक विक्रियांचा वेग तापमानाबरोबर घातांकी प्रमाणात वाढतो, हे स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये दाखविले. चिपमधील सूक्ष्म तारांतील धातूचे अणू इलेक्ट्रॉनांच्या आघाताने हळूहळू सरकतात व अखेर तार तुटते. या क्रियेसही तसाच नियम लागू पडतो, असे जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडले. ‘तापमान दहा अंशांनी वाढल्यास आयुष्य निम्मे होते’ हा प्रचलित ठोकताळा अशा समीकरणांवरून निघाला आहे. मात्र बिघाडाच्या प्रत्येक प्रकाराला तो सारखा लागू पडत नाही.

स्वयंनियंत्रण : १९७१ मधील ‘इंटेल ४००४’ हा सूक्ष्मप्रक्रियक एक वॉटपेक्षा कमी शक्तीवर चाले व त्याला वेगळ्या शीतनाची गरज नव्हती. १९९३ च्या ‘पेंटियम’ची शक्ती सु. १५ वॉटवर गेली. लॅपटॉपमध्ये मोठा पंखा मावत नसल्याने, जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये लॉस अ‍ॅलॅमॉस येथे विकसित केलेली उष्णतानलिका १९९० नंतरच्या दशकात त्यांत वापरात आली. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या ‘पेंटियम ४’ मध्ये तापमान मर्यादेला भिडताच चिपचे स्पंद मधूनमधून रोखून तिची गती आपोआप उतरविण्याची सोय होती. शीतक ठोकळा काढून घेतल्यावर हा प्रक्रियक मंदावतो, तर त्या काळचा ‘अ‍ॅथलॉन’ क्षणार्धात जळून जातो, हे २००१ मधील एका चाचणीच्या चित्रफितीने जगासमोर आणले. त्यानंतर असे संरक्षण सार्वत्रिक झाले. तरीही उष्णता वाढतच राहिली. ट्रँझिस्टर लहान होत जातील तसा त्यांना लागणारा विद्युत् दाबही उतरेल व दर चौ. सेंमी.मागील उष्णता स्थिर राहील, हे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेले गणित गळतीमुळे सु. २००५ पर्यंत कोलमडले. मे २००४ मध्ये इंटेलने ‘पेंटियम ४’ चा नियोजित वारस रद्द केला आणि कंप्रता वाढविण्याऐवजी एका चिपवर अनेक गाभे बसविण्याचा मार्ग धरला.

२००८ चे प्रकरण : मर्यादेच्या आत राहूनही चिप निकामी होऊ शकते, हे या वर्षी प्रकर्षाने दिसले. लॅपटॉपमधील काही आलेखिकी चिपा नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात बंद पडत असल्याचे एनव्हिडिया कंपनीने जुलै २००८ मध्ये जाहीर केले व त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. चिप व तिची बैठक यांच्यातील जोडद्रव्ये दुबळी होतीच. पण लॅपटॉपची शीतनरचना व वापरण्याची पद्धत हेही घटक कारणीभूत असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. लॅपटॉप दिवसातून अनेकदा तापतो व निवतो. सिलिकॉन आणि त्याखालील बैठक यांचे प्रसरण सारखे नसल्याने दोहोंमधील डाखाच्या थेंबांवर प्रत्येक वेळी ताण येतो, शिणवटा साचतो व शेवटी तडा जातो. येथे कमाल तापमानाइतकेच तापमानातील चढउतारांना महत्त्व असते. दोष चिपकर्त्याचा, लॅपटॉप बनविणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा, हा वाद न्यायालयापर्यंत गेला व २०१० मध्ये ग्राहकांच्या सामुदायिक दाव्यात तडजोड झाली.

सद्यःस्थिती : पूर्वी टाळावयाची असलेली मर्यादा आता गाठावयाचे लक्ष्य बनली आहे. एएमडीच्या २०१३ मधील ‘आर ९ २९० एक्स’ या आलेखिकी पत्राचे नियंत्रण ९५° से. हे लक्ष्य धरून होते. २०१९ मधील तिच्या आलेखिकी चिपांत सर्वांत उष्ण बिंदूस ११०° से.पर्यंत मुभा होती, तर २०२२ मधील ‘रायझेन ७०००’ हे मेजसंगणकाचे प्रक्रियक पूर्ण भाराखाली ९५° से.वर चालावेत अशीच त्यांची रचना आहे. त्यामुळे जड काम चालू असताना काही काळ ९०° से.हून अधिक तापमान दिसणे हा बिघाड नव्हे. काम नसतानाही तापमान चढे राहणे, किंवा हलक्या कामातही गती वारंवार उतरणे, ही मात्र साचलेली धूळ, सुकलेले उष्णतावाहक मलम वा बंद पडलेला पंखा यांची लक्षणे होत. चिपच्या शेजारील लिथियम-आयन विद्युत् घटमाला व आवरणाला टेकणारा हात यांची सहनशक्ती तिच्यापेक्षा पुष्कळच कमी असल्याने लॅपटॉपमध्ये खरी मर्यादा पुष्कळदा तेच घालतात. शिवाय अनेक उत्पादक भोवतालच्या हवेचे तापमान ३५° से.पर्यंत असेल असे गृहीत धरतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो. तेथे बंद खोलीत, गादीवर ठेवून लॅपटॉप चालविल्यास चिप आपले रक्षण स्वतः करते, परंतु त्याची किंमत गतीच्या व घटमालेच्या आयुष्याच्या रूपाने मोजावी लागते.