आशियाई क्रीडास्पर्धा आणि भूतान

हिमालयाच्या कुशीतील भूतानला २०२३च्या हांगझोऊ स्पर्धेअखेर आशियाई क्रीडास्पर्धांत एकही पदक मिळालेले नाही. या रकान्यात त्याच्या सोबतीला मालदीव आणि पूर्व तिमोर आहेत. जेमतेम पावणेआठ लाख लोकवस्ती हे सहज सुचणारे कारण. पण ते पुरेसे नाही. ब्रुनेईची वस्ती याहून कमी असूनही त्याच्या खात्यावर पदके आहेत.

खरे कारण खेळाच्या स्वरूपात शोधावे लागते. तिरंदाजी हा भूतानचा राष्ट्रीय खेळ; १९८४ ते २००८ या काळात ऑलिंपिकला त्याने केवळ तिरंदाजच पाठवले. मात्र गावातल्या मैदानावर बाण सुमारे १४५ मीटरवरच्या अरुंद लाकडी फळीवर सुटतो, नेम लागला की संघ गात-नाचत फेर धरतो. ऑलिंपिकचे लक्ष्य ७० मीटरवर, १२२ सेंटिमीटर व्यासाचे. तिथे कौशल्य दर बाणाला तीच हालचाल बिनचूक करण्याचे. नाव एक, खेळ दोन! उलट मंगोलियाची पारंपरिक कुस्ती ज्युदोच्या आखाड्यात बरीचशी कामी येते.

यावर आक्षेप असा, की दक्षिण कोरियासारखी शिस्तबद्ध प्रशिक्षणव्यवस्था उभारली तर हे अंतर मिटेल. आक्षेप रास्त आहे. कर्मा या तिरंदाज महिलेने टोकियो ऑलिंपिकची पात्रता स्वबळावर मिळवली, ती अशाच सरावातून. पण अशा व्यवस्थेला पैसा आणि निवडीसाठी मोठा खेळाडूवर्ग लागतो. लोकसंख्येचा मुद्दा खरा ठरतो तो इथे, आणि तोही अर्धाच.