देवळातला फळा

गेल्या १४ एप्रिलला आमच्या गावात मिरवणूक ख्रिस्ती देवळापुढं अडली. आपली पोरं ओरडली, "भाकरीसाठी बाटलेले!" आतून माझा चुलत चुलता बाहेर आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे लिहितोय.

नेवासे तालुक्यातलं माझं गाव. गावकुसाबाहेर आमचा वाडा, वाड्याच्या तोंडाशी हे देऊळ. चर्च कुणी म्हणत नाही. काळ्या दगडाच्या भिंती, चुन्याचे दर्जे, वर पत्रा, खिडक्यांना टोकदार कमानी, दारावर घंटा. आजा सांगायचा, आधी इथं पांढऱ्या मातीचं धाब्याचं घर होतं. नंतरचे दगड आपल्याच माणसांनी डोक्यावर वाहिले.

मित्रांनो, इमारत वाचायला शिका. देवळाचं दार वाड्याकडं, पाठ गावाकडं. गावानं येशूलाही येसकराच्या शेजारी बसवलं.

अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं. सॅम्युएल फेअरबँक १८५७ साली वडाळ्याला राहायला गेले. भोवतालच्या खेड्यांत शाळा निघाल्या. मास्तर आला की खोली लागायची. तीच खोली सहा दिवस शाळा, सातव्या दिवशी देऊळ. आमच्या देवळात आजही क्रुसाच्या भिंतीवरच फळा आहे. सावित्रीबाईंनी शिकवण्याचं शिक्षण घेतलं, तेही नगरच्या मिस फॅरार यांच्याकडं.

१८७६-७८ च्या दुष्काळात कुणी भाकर घेतलीही असेल. त्याची लाज उपाशी ठेवणाऱ्या गावाला वाटू द्या. भाकर जिरली, अक्षर राहिलं. आजा त्याच फळ्यावर शिकला, त्याच अक्षरांनी बाबासाहेब वाचले आणि १९५६ नंतर बौद्ध झाला. त्याचा भाऊ ख्रिस्ती राहिला.

मी देवळाची आरती ओवाळत नाही. सतरंजी एकच, तरी मातंग माणसं दारापाशीच बसायची, हे आजाच सांगायचा. धर्म बदलला, बसायची जागा बदलली नाही. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी जातीचं हे दुखणं उघडं केलंय.

पुढं १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आला. अनुसूचित जातीत फक्त हिंदू. शिखांना १९५६ साली घेतलं, बौद्धांना १९९० साली. ख्रिस्ती अजून बाहेर. केंद्राच्या सवलतीसाठी चौतीस वर्षं आपणही त्याच उंबऱ्याबाहेर उभे होतो, हे इतक्यात विसरलो?

मी सूतगिरणीत आहे. माझी पाळी सुटते तेव्हा त्या चुलत्याचा पोरगा साच्यावर येतो. मला जातीचा दाखला आहे, त्याला नाही. गावाच्या लेखी मात्र आम्ही दोघंही वाड्यातलेच.

पुढच्या मिरवणुकीत घोषणा जोरात द्या. फक्त देवळापाशी आलात की एकदा आत डोकावा. फळा तिथंच आहे.

जयभीम.