वर्गातले गणराज्य : नागरिकशिक्षणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या बहुतेकांची नागरिकशास्त्राशी ओळख होते ती इतिहासाच्या पुस्तकाच्या मागच्या पानांत. पुढे शिवकाल किंवा स्वातंत्र्यलढा, मागे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. सदस्यसंख्या, मुदत, पात्रतेचे वय एवढे पाठ झाले की विषय संपला. परीक्षा तोंडावर आली की कित्येक शाळांत तो दोन-तीन तासिकांत उरकलाही जातो. त्यामुळे या विषयाकडे अभ्यासक म्हणून वळणाऱ्या शिक्षकाला, पालकाला किंवा शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला थोडे एकटे वाटणे साहजिक आहे. अशा प्रत्येकाचे मी मनापासून स्वागत करतो. मूल, शाळा आणि राज्यसंस्था या तिघांची गाठ इथे पडते, आणि ती किती घट्ट आहे हे जसजसे कळत जाते तसतसा हा विषय सोडवत नाही.

चांगला नागरिक म्हणजे कोण, हा या अभ्यासातला पहिला प्रश्न. त्याचे तयार उत्तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असते: वेळेवर येणारा, स्वच्छ राहणारा, मोठ्यांचे ऐकणारा, देशावर प्रेम करणारा. हे गुण चांगलेच आहेत. पण ते राजेशाहीतल्या प्रजेतही असू शकतात, हुकूमशहालाही हवेहवेसे वाटतात. लोकशाहीतल्या नागरिकाला आणखी काहीतरी यावे लागते, आणि ते काहीतरी आज्ञाधारकपणातून येत नाही. माझी सगळी मांडणी याच एका गोष्टीभोवती फिरते: मूल घराबाहेर पाऊल टाकते तेव्हा नात्यागोत्यात नसलेल्या माणसांबरोबर रोज राहण्याची पहिली जागा म्हणजे शाळा. ती शाळा त्याच्याशी आणि त्याच्या शेजारच्याशी कशी वागते, हाच त्याचा नागरिकशास्त्राचा खरा अभ्यासक्रम.

आपल्याकडे या विषयाचे पाठ्यपुस्तक पारतंत्र्यात तयार झाले, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. मुंबई इलाख्यात सेवा केलेले सनदी अधिकारी विल्यम ली-वॉर्नर यांनी 1897 साली ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे शालेय पुस्तक लिहिले. गाव, जिल्हा, प्रांत अशा पायऱ्या चढत ते ब्रिटिश राज्यापर्यंत पोचते आणि त्या राज्याने रयतेचे काय भले केले ते समजावून देते. ज्या मुलांना मोठेपणी आपले सरकार निवडता येणार नव्हते, त्यांना नागरिक म्हणायचे आणि शिकवायची राजनिष्ठा. हेच ली-वॉर्नर शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 1882 च्या हंटर आयोगाचे सदस्य होते, आणि त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन ठेवले होते. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडेच का वळतो, असा त्या निवेदनाचा रोख होता. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, अशी त्यांची मागणी होती. नागरिक सरकारशी कसा बोलतो ते शिकवायचे असेल, तर ली-वॉर्नरच्या अख्ख्या पुस्तकापेक्षा ते निवेदन माझ्या मते अधिक उपयोगाचे आहे.

स्वातंत्र्यानंतर राजनिष्ठेची जागा राष्ट्रनिष्ठेने घेतली, पण साचा फारसा बदलला नाही. रोज सकाळी परिपाठात म्हटली जाणारी प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 मध्ये तेलुगूत लिहिली. राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये आली 1976 मध्ये, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. पुढे मूल्यशिक्षणाच्या तासिका आल्या. साच्याला खरा धक्का दिला तो 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने. त्यानंतर आलेल्या एनसीईआरटीच्या नववी ते बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव. या पुस्तकांत उन्नी आणि मुन्नी ही दोन मुले पानापानावर अडचणीचे प्रश्न विचारतात, वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रे येतात, न सुटलेले वाद न सुटलेलेच ठेवले जातात. त्यातल्याच एका जुन्या व्यंगचित्रावरून 2012 मध्ये संसदेत गदारोळ झाला आणि दोघा सल्लागारांनी राजीनामे दिले. पाठ्यपुस्तक हीदेखील सार्वजनिक वादाची जागा आहे, हे नव्या अभ्यासकाने या घटनेवरून समजून घ्यावे.

पण पुस्तकाबाहेरही शाळा बरेच शिकवते. ते पाहण्यासाठी आता साताऱ्याकडे वळू. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव तिथल्या शाळेत दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेतल्या दिवसांबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बसायला वेगळा गोणपाटाचा तुकडा, तोही वर्गाच्या कोपऱ्यात. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावायचा नाही, म्हणून संध्याकाळी तो घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, तो जागेवर नसला तर तहानेलेच राहायचे. त्या वर्गातल्या इतर मुलांचाही विचार करावा. त्यांनाही त्या दिवसांत रोज एक धडा मिळत होता: कोणाला पाणी मिळते, कोणाला मिळत नाही, आणि त्यावर कोणी काही बोलत नाही. कुठल्याही पुस्तकात छापलेला नसलेला हा धडा त्यांना बिनचूक आला असणार.

पुढे कोलंबिया विद्यापीठात आंबेडकर जॉन ड्यूईंच्या वर्गात बसले. ड्यूईंचे ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ 1916 मध्ये प्रसिद्ध झाले. लोकशाही ही राज्यपद्धती तर आहेच, त्याहून अधिक ती एकमेकांच्या अनुभवात सहभागी होऊन जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांनी पुढे जातिव्यवस्थेच्या चिकित्सेत कामी आणला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना ते घटनात्मक नीतीविषयी बोलले. ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोटचा आधार घेऊन त्यांनी सांगितले की ही नीती माणसात उपजत नसते, ती प्रयत्नाने रुजवावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. हे सांगणारा माणूस साताऱ्याच्या त्या कोपऱ्यातून आलेला होता. नागरिकशिक्षण हे कोणते काम आहे, याची इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे मिळालेली नाही.

ही नीती रुजवायची कशी, यावर जगभर बरेच काम झाले आहे. जोएल वेस्टहायमर आणि जोसेफ काने या अभ्यासकांनी 2004 मध्ये एक उपयुक्त भेद मांडला. गरजूंसाठी धान्य गोळा होत असेल तर एक नागरिक आपल्या घरचे धान्य देतो, दुसरा ते गोळा करण्याची व्यवस्था उभारतो, तिसरा विचारतो की या गावात माणसे उपाशी का राहतात. शाळांना पहिला फार आवडतो, दुसरा चालतो, तिसऱ्याची धास्ती वाटते. तिन्ही हवेत, पण तिसऱ्यावाचून पहिल्या दोघांचे काम कधी संपणार नाही, असे मला वाटते.

या क्षेत्रातल्या एका माणसापाशी मात्र थांबायलाच हवे. यानुश कोर्चाक हा वॉर्साचा बालरोगतज्ज्ञ. 1912 पासून त्याने तिथले ज्यू मुलांचे अनाथालय चालवले. तिथे मुलांचे न्यायालय होते. त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही तक्रार नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. मूल मुलावर तक्रार करू शके, मोठ्यांवरही करू शके, आणि कोर्चाक स्वतः या न्यायालयापुढे उभा राहिला आहे. न्यायालयाची संहिता लिहिताना त्याने पहिली नव्याण्णव कलमे माफीची आणि खटला सोडून देण्याची ठेवली. दोष ठेवणारी कलमे त्यानंतर येतात. न्याय म्हणजे शिक्षा, ही मुलांच्या मनातली पहिली समजूत त्याने अशी मुळापासून बदलली. वॉर्साच्या घेट्टोत जुलै 1942 मध्ये या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ सादर केले. ऑगस्टमध्ये नाझींनी सुमारे 200 मुलांना ट्रेब्लिंकाच्या छावणीत नेले. कोर्चाकला स्वतःचा जीव वाचवता आला असता. तो मुलांबरोबर गेला.

आपल्याकडेही असे प्रयोग झाले आहेत. वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामच्या शाळेत मुले आपले मंत्री निवडत, आणि स्वयंपाकघर, सफाई, आरोग्य ही खरीखुरी कामे त्या मंत्र्यांकडे असत. राजस्थानात तिलोनियाच्या रात्रशाळांत दिवसभर शेळ्या राखणारी मुले बालसंसद निवडतात आणि आपल्या शाळांवर देखरेख ठेवतात. बीड जिल्ह्यातून 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ या उपक्रमाने संविधानातली मूल्ये वर्गातल्या कृतींत उतरवायचा प्रयत्न केला. आपल्या अनेक शाळांतल्या शालेय मंत्रिमंडळांशी याची तुलना करून पाहावी. पंतप्रधान म्हणून वर्गात पहिला येणारा मुलगा आधीच ठरलेला असतो, स्वच्छतामंत्र्याला कचरा कोणी टाकला तेवढे सांगायचे असते, आणि निवडून आलेल्यांच्या हाती ठरवण्यासारखे काहीच नसते. निवडणुकीने काही बदलत नाही, एवढेच अशा निवडणुकीतून मूल शिकते. त्यापेक्षा ती न घेतलेली बरी.

वर्गात खरे काय करता येते, ते मधल्या सुट्टीतल्या मैदानावरून पाहू. सहावीच्या वर्गात फळ्यावर मैदानाचा नकाशा काढावा: फाटक, पाण्याची टाकी, झेंड्याचा कट्टा, कुंपणाकडची चिंच. एकेकाने पुढे येऊन सुट्टीत आपण जिथे असतो तिथे खडूने खूण करावी. पुष्कळ शाळांत मधली सगळी जागा मोठ्या मुलांच्या क्रिकेटची निघते. मुलींच्या खुणा भिंतीलगत आणि व्हरांड्यात, लहानग्यांच्या कट्ट्याभोवती. तोवर त्यात कोणाला काही वावगे दिसलेले नसते. मग कोणीतरी म्हणतो, “पण त्या खेळतच नाहीत.” मागच्या बाकावरून उत्तर येते, “जागा कुठे देता?” इथे शिक्षकाने निकाल देऊ नये. वर्गाने नियम करावा, वहीत लिहावा, दोन आठवडे पाळावा आणि पुन्हा बसावे. नियम पहिल्या फटक्यात बहुधा फसतो. बुधवारी मैदान मुलींना मिळते, पण बॅट-बॉल कपाटात आणि कपाटाची किल्ली मुलांच्या कर्णधाराकडे. हक्क कागदावर मिळाला तरी साधन दुसऱ्याच्या हाती असले तर तो वापरता येत नाही, हे वर्गाला इथे कळते. मग किल्लीचाही नियम होतो. आपल्या घटनेत शंभराहून अधिक दुरुस्त्या का झाल्या, हा पाठ यानंतर शिकवला तर मुलांच्या डोळ्यांपुढे काहीतरी असते.

अशा चर्चेचा उपयोग होतो का? 1999 मध्ये 28 देशांतल्या सुमारे 90,000 चौदा वर्षांच्या मुलांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला. ज्या वर्गांत मुलांना मोकळेपणाने मत मांडता येते तिथल्या मुलांचे नागरी ज्ञान अधिक आणि पुढे मतदान करण्याची तयारीही अधिक, असे त्यात दिसले. यावरून लगेच कार्यकारण ठरवू नये. मोकळे वर्ग अनेकदा इतर बाबतींतही बरे असतात. पण नंतरच्या अभ्यासांतही हे चित्र टिकून राहिले आहे.

पालकांची भीती वेगळी असते: शाळेत राजकारण नको. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण शिक्षकाच्या हाती सत्ता असते आणि मूल लहान असते. जर्मनीत बॉयटेल्सबाख या गावी 1976 मध्ये वेगवेगळ्या विचारांचे शिक्षणतज्ज्ञ जमले आणि तीन गोष्टींवर त्यांचे एकमत झाले. शिक्षकाने आपले मत मुलांवर लादू नये. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. आणि परिस्थिती जोखून आपल्या हितासाठी काय करता येईल, हे मुलाला शोधता यावे. नाझी राजवटीत शाळेचे काय झाले ते पाहिलेल्या देशाने हे ठरवले आहे, म्हणून मला ते मोलाचे वाटते. आपल्या डी.एड., बी.एड.च्या वर्गांत यावर सविस्तर चर्चा व्हायला हवी. जातिभेद चूक आहे की बरोबर, असा ‘वाद’ मात्र वर्गात लावायचा नसतो. त्याचा निकाल संविधानाने दिलेला आहे. आरक्षणाचे धोरण कसे असावे, यावर वाद होऊ शकतो. ही रेघ कुठे ओढायची ते शिकणे हा शिक्षकाच्या तयारीतला सगळ्यांत अवघड भाग आहे.

या तयारीची एक मोठी शिदोरी आपल्या शिक्षकांकडे आधीच आहे आणि ती वापरली जात नाही. निवडणूक आली की गावच्या शाळेचे मतदान केंद्र होते. शिक्षक मतदान अधिकारी म्हणून दुसऱ्या गावी जातात, मुलांना सुट्टी मिळते. लोकशाही मुलांच्या स्वतःच्या वर्गात येते आणि नेमकी तेव्हाच मुले घरी असतात. दुसऱ्या दिवशी भिंतीवर केंद्राचा कागद असतो, गुरुजींच्या आणि बाईंच्या बोटावर शाई असते. मतदानाआधी पक्षांच्या प्रतिनिधींसमोर मशीनवर मॉक पोल का घेतात, मशीनभोवती पुठ्ठ्याचा आडोसा कशासाठी, एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या पक्षांची माणसे दिवसभर एकाच खोलीत शेजारी का बसलेली असतात, गीरच्या जंगलात बाणेज इथे एकाच मतदारासाठी केंद्र का उघडले गेले, हे सगळे त्या दिवशी विचारता येते. दहावीतली मुले पुढच्या दोन-तीन वर्षांत मतदार होणार असतात. 1989 पर्यंत त्यांना एकविसाव्या वर्षाची वाट पाहावी लागे. शिक्षकांनी हे काम हाताने केलेले असते, त्यातल्या अडचणी आणि शिस्त त्यांना ठाऊक असते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या शिक्षकाने पुढच्या निवडणुकीच्या ड्युटीहून परतल्यावर तो दिवस आपल्या वर्गासाठी लिहून काढावा, आणि मुलांना आपापल्या घरच्या मतदारांना विचारायचे प्रश्न त्यातूनच तयार करायला सांगावे.