धोतऱ्यातील ट्रोपेन अल्कलॉइड: विषही आणि विषावरचा उताराही

वर्धा जिल्ह्यात शेताच्या धुऱ्यावर, उकिरड्याजवळ, पडीक जागेत धोतरा सहज दिसतो. महाशिवरात्रीला त्याची काटेरी फळे शंकराला वाहतात. या झाडाच्या सर्व भागांत ट्रोपेन गटातील अल्कलॉइड असतात. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतींत तयार होणारी, नायट्रोजन असलेली आणि बहुधा कडू चवीची संयुगे. अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही धोतऱ्यातील प्रमुख अल्कलॉइड आहेत.

ती शरीरातील अ‍ॅसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाचे काम अडवतात. त्यामुळे तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, नाडी वाढते, लघवी अडते, भास होतात आणि माणूस बरळू लागतो. मात्रा जास्त झाल्यास मृत्यूही ओढवतो.

हाच गुण कपाशीच्या पट्ट्यात जीव वाचवतो. मोनोक्रोटोफॉससारखे ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक शरीरात गेले, तर अ‍ॅसिटिलकोलिन साचत जाते. लाळ आणि घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, फुफ्फुसांत स्राव भरून श्वास कोंडतो. अशा वेळी डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन देतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना अनेक शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींचा जीव गेला.

मात्र, विषबाधा झालेल्याला धोतरा कधीही देऊ नये. प्रत्येक झाडात अल्कलॉइडचे प्रमाण वेगळे असते. इंजेक्शनची मात्रा मोजून, रुग्णाची स्थिती पाहून ठरते. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे आणि औषधाचा डबा सोबत घ्यावा.