केशवराव भोसले नाट्यगृह : खजिन्याकडून अंदाजपत्रकाकडे

शाहू महाराजांनी १९१३ साली पॅलेस थिएटरचे काम सुरू केले, तेव्हा कोल्हापूरची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास होती. शेजारीच खासबाग मैदान आदल्या वर्षी उभे राहिले होते. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज युरोपात गेले. तिथली प्राचीन क्रीडांगणे पाहून खासबागेची कल्पना त्यांच्या मनात आली, असे सांगतात. १९१५ मध्ये नाट्यगृह पुरे झाले आणि एका आवारात कुस्ती आणि नाटक नांदू लागले. तालमीतला पोरगा आणि संगीत नाटकाचा रसिक एकाच रस्त्याने येत असत. महाराजांना दोघांविषयी सारखीच आस्था होती, हे त्या जागेच्या आखणीतच दिसते. रंगमंच खोल आणि प्रशस्त, आणि प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येईल असा खांब मध्ये नाही. नाटक कंपन्यांना काय हवे असते हे ठाऊक असलेल्या माणसाने ही वास्तू बांधून घेतली होती.

या वाटचालीत एक गोष्ट फार मोलाची वाटते. महाराजांच्या दृष्टीने इमारत हा योजनेचा केवळ एक भाग होता. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब दरबारचे गवई म्हणून कोल्हापुरात राहिले आणि त्यांच्याकडून मिळालेली विद्या पुढे देशभर गेली. नाटक कंपन्यांना आश्रय मिळाला. कोवळ्या वयातल्या बालगंधर्वांच्या कानावर मिरजेच्या मिशन दवाखान्यात उपचार व्हावेत यासाठी महाराजांनी घेतलेली काळजी नाट्यसृष्टीत आजही कृतज्ञतेने सांगितली जाते. कलावंताचे पोट, त्याची प्रकृती, शिष्यांचे शिक्षण आणि प्रयोगासाठी जागा, हे सगळे एकत्र धरले की त्याला आश्रय म्हणता येते. त्याच शहरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटकांचे पडदे रंगवत होते. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. मराठी चित्रपटाचा एक मोठा झरा नेपथ्याच्या रंगातून निघाला, तो असा.

ज्यांचे नाव आज नाट्यगृहाला आहे ते केशवराव भोसले ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मले. घरची गरिबी असल्याने लहानपणीच ते नाटक कंपनीत गेले. १९०८ मध्ये त्यांनी हुबळीला ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. त्यात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर होता. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर उभे राहिले, तेही देशकार्यासाठी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. तेव्हा ते अवघे एकतीस वर्षांचे होते. पॅलेस थिएटरला त्यांचे नाव १९५७ साली मिळाले.

मधल्या काळात फार मोठी गोष्ट घडून गेली होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. थिएटर उभेच होते, पण त्यामागचा खजिना गेला. पुढे नाट्यगृहाची जबाबदारी नगरपालिकेकडे आली आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी महानगरपालिका झाल्यावर तिच्याकडे गेली. शहराच्या हाती महाराजांच्या योजनेतला एकच भाग आला, तो म्हणजे इमारत. गायकाला वेतन, शिष्याला शिकवणी, कंपनीला मुक्काम या गोष्टी कोणत्याही पालिकेच्या खतावणीत बसणाऱ्या नव्हत्या.

या गोष्टी शहरातल्या लोकांनीच सांभाळल्या. गायन समाज देवल क्लब ही १८८३ पासूनची संस्था संगीताचे शिक्षण आणि मैफली चालवत राहिली. चित्रकलेच्या शाळांनी पेंटरांची परंपरा पुढे नेली. राज्य सरकारची हौशी नाट्य स्पर्धा साठ वर्षांहून अधिक काळ चालते आहे. तिच्यासाठी नोकरी-धंदा सांभाळून रात्री तालमी करणारी मंडळी प्रत्येक पिढीत निघाली. या हौशी मंडळींना नाट्यगृहाचे भाडे परवडले तर प्रयोग होतो, नाही तर संहिता वहीतच राहते. म्हणून नाट्यगृहाच्या भाड्याचा दर ठरवणे हाच शहराचा कलाविषयक सर्वांत मोठा निर्णय आहे, असे मला ठामपणे वाटते. नाट्यगृहातून नफा झाला की तोटा, हा हिशोब लावताना वाचनालयाला आपण तो प्रश्न विचारत नाही याची आठवण ठेवावी.

अडचण कायद्यातच सुरू होते. महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा, गटारे, दिवाबत्ती ही बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर नाट्यगृहे ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. पाणी आधी हवेच, त्यावर वाद नाही. पण जे ऐच्छिक असते त्याची तरतूद ओढाताणीच्या वर्षी पहिल्यांदा कापली जाते. मग खुर्च्या, पंखे, प्रसाधनगृहे आणि वायरिंग यांची दुरुस्ती साचत जाते. अखेर एकदम कोट्यवधींचे नूतनीकरण काढावे लागते. केशवराव भोसले नाट्यगृहाचीही नूतनीकरणे झाली. मोठ्या नूतनीकरणाचे उद्घाटन होते, बातमी येते. दरवर्षीच्या देखभालीची मात्र बातमी होत नाही, आणि नाट्यगृह जगते ते त्या देखभालीवर.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छत, रंगमंच, खुर्च्या आगीत गेल्या आणि खासबागेकडच्या बाजूचेही मोठे नुकसान झाले. आवारात जमलेले रंगकर्मी अक्षरशः रडत होते. राज्य सरकारने प्रथम २० कोटी रुपये जाहीर केले आणि वास्तू होती तशीच पुन्हा उभारण्याचे आश्वासन दिले. त्या वेळी महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवकाला अडवून जाब विचारण्याची सोय नसताना शहराच्या सर्वांत लाडक्या वास्तूचे भवितव्य ठरायचे होते. अशा वेळी कलावंत आणि नाट्यप्रेमी स्वतः पुढे आले, बैठका घेऊन आपले म्हणणे मांडू लागले, ही मला या वाटचालीतली फार जमेची बाजू वाटते.

आमच्या वऱ्हाडात शाहू महाराजांसारखा कलेला आश्रय देणारा राजा नव्हता. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडला १५८२ सालची खुदावंतखानाची मशीद आहे. आश्रयदाता सरदार आणि त्याची सत्ता केव्हाच लयाला गेली, दगडी काम मात्र उभे आहे. आमच्याकडचे दंडार हे लोकनाट्य, भजनी मंडळे, कीर्तन सप्ताह गावाच्या वर्गणीवर चालत आले. त्यांना इमारत मिळाली नाही, पण माणसे मिळाली. कोल्हापूरला दोन्ही मिळाले होते. म्हणूनच तिथे काय होते याकडे तालुक्याच्या गावांचेही लक्ष असायला हवे. नगरपालिका सांस्कृतिक भवन बांधते, पण ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस नेमत नाही. मग ते भवन लग्नांना दिले जाते. हे आपल्याकडे जागोजागी दिसते.

पुनर्बांधणीच्या कामात मूळ दगडी भिंती, खोल रंगमंच आणि आवाज पोचवणारी रचना जपावीच. त्याबरोबर अग्निशमनाची पक्की व्यवस्था, पडद्यांना आगरोधक कापड, विजेच्या भाराची दरवर्षी तपासणी आणि तिचा अहवाल नोटीस बोर्डावर लावण्याची सक्ती हवी. रंगमंच व्यवस्थापक आणि प्रकाश-ध्वनीचे जाणकार कायम पगारावर हवेत. हौशी संस्थांसाठी वर्षातल्या काही तारखा कमी भाड्यात राखून ठेवाव्यात आणि त्यांचे वाटप उघडपणे व्हावे. देखभालीचा निधी वेगळ्या खात्यात असावा आणि तो दुसऱ्या कामाकडे वळवता येऊ नये. त्या खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या समितीत नेपथ्य उभारणाऱ्या कामगारांचा प्रतिनिधीही असावा, कारण रंगमंचाची कोणती फळी कुरकुरते हे सर्वांत आधी त्यालाच कळते.