दगड नाही, नोंद आहे

लंडनच्या बनहिल फील्ड्‌स दफनभूमीत विल्यम ब्लेक, डॅनियल डिफो यांच्या थडग्यांपाशी लोक फोटो काढतात. मीही काढले. पण मला बघायची होती ती जवळचीच क्वेकर मंडळींची दफनभूमी. मोबाइलचा नकाशा म्हणाला, पोहोचलात. समोर फक्त बाग. झाडं, बाकं, आजूबाजूला इमारती. थडगी कुठेच नाहीत.

क्वेकर हा सतराव्या शतकातला ख्रिस्ती पंथ. पुरोहित नाही, शांत बसून प्रार्थना. कुणापुढे टोपी काढायची नाही आणि न्यायाधीशालाही ‘तू’च म्हणायचं! (आपल्याकडे करून बघा.) त्यापायी अनेकांना तुरुंगवास घडला. चर्चचे विधीच मान्य नसल्यामुळे मेल्यावर चर्चच्या आवारातही जायचं नव्हतं. म्हणून 1661 मध्ये त्यांनी ही जागा विकत घेतली. 1665 च्या प्लेगमध्ये हजाराहून जास्त क्वेकर इथे पुरले गेले. 1855 मध्ये दफनं थांबली, तोवर आकडा बारा हजारांच्या आसपास गेला होता.

पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स 1691 मध्ये इथेच पुरला गेला. त्याच्या जागेवर एक लहान दगड होता म्हणतात. लोक तो बघायला येऊ लागले, तेव्हा एका क्वेकरानेच तो फोडून टाकला. दगडावर नाव कोरणं म्हणजे मेल्यावरही मोठेपणा मिरवणं, अशी त्यांची धारणा. 1717 मध्ये तर असलेले दगडही काढा, असं त्यांच्या वार्षिक सभेने सांगितलं. लहान, साध्या, एकसारख्या दगडांना परवानगी मिळाली ती थेट 1850 मध्ये.

मला आधी हे जरा क्रूर वाटलं. ज्या आईचं मूल प्लेगमध्ये गेलं, तिने नंतर कुठे जाऊन उभं राहायचं?

मग त्यांच्या नोंदवह्यांबद्दल वाचलं. दगडाला नाही म्हणणारी ही माणसं कागदावर मात्र काटेकोर होती. नाव, तारीख, राहण्याचं ठिकाण आणि लंडनच्या वह्यांत मरणाचं कारणसुद्धा. महिन्यांना फक्त आकडे, कारण जानेवारी हे नाव रोमन देवावरून आलेलं, तेही नको! या वह्या 1840 च्या सुमारास सरकारजमा झाल्या. आज त्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि स्कॅन झाल्यामुळे फोनवरही दिसतात. लंडनच्या जुन्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांचा फार उपयोग झाला.

दुसऱ्या महायुद्धात इथली सभेची इमारत बॉम्बने गेली, राखणदाराचं घर तेवढं वाचलं. आता बागेत फॉक्सच्या नावाचा एक छोटा दगड आहे. आठवण म्हणून बसवलेला, थडगं नव्हे. त्याचा फोटो मात्र मी काढला नाही.