हरवलेल्या चित्रपटाचा इतिहास : अकबर पदमसी यांचा एक प्रयोग

आधुनिक भारतीय चित्रकलेचा विषय निघाला की अकबर पदमसी (१९२८-२०२०) यांचे नाव रझा, सूझा, हुसेन यांच्या जोडीने घेतले जाते. चित्रपटाच्या इतिहासात मात्र ते क्वचितच आढळते. ही अनुपस्थिती केवळ विस्मरणाची आहे असे आम्हांस वाटत नाही. एकाहून अधिक माध्यमांत वावरणाऱ्या कलावंताची नोंद नेमकी कोणी ठेवायची, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

पदमसींचा जन्म मुंबईचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षणानंतर १९५१ साली ते पॅरिसला गेले. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतील 'लव्हर्स' या चित्रावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. चित्र काढून घेण्यास त्यांनी नकार दिला आणि पुढे ते निर्दोष सुटले. १९५९-६० च्या सुमारास त्यांनी रंग बाजूला सारून केवळ करड्या छटांत चित्रे काढली. हाती आलेले साधन सोडून देण्याची ही वृत्ती पुढील प्रयोग समजण्यासाठी ध्यानात ठेवावी लागते.

१९६९ साली त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. तिच्या आधारे त्यांनी मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केले. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकारांनी एकमेकांची साधने हाताळावीत, हा त्यामागील हेतू होता. तरुण नलिनी मालाणी यांचा 'ड्रीम हाउसेस' येथेच आकारास आला. स्वतः पदमसींनी अॅनिमेशनकार राम मोहन यांच्या सहकार्याने 'सिझिजी' हा सुमारे ११ मिनिटांचा मूकपट केला. त्यात कथा नाही, पात्रे नाहीत. संख्यांच्या योजनेनुसार उलगडत जाणारे बिंदू आणि रेषा तेवढ्या आहेत.

सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येण्याला खगोलशास्त्रात 'सिझिजी' म्हणतात. याच सुमारास पदमसी आपली 'मेटास्केप' चित्रे रंगवू लागले होते. त्यांची प्रेरणा 'अभिज्ञानशाकुंतला'च्या नांदीत होती. तेथे कालिदास सूर्य-चंद्रांची नावे न घेता, काळाचे विधान करणारे दोघे म्हणून त्यांचा निर्देश करतो. चित्रात सूर्य आणि चंद्र एकत्र मांडता येतात. त्यांच्यामधला काळ वाहताना दाखवता येत नाही. पदमसी चित्रपटाकडे वळले ते छंद म्हणून नव्हे, तर चित्रकलेतच उभ्या राहिलेल्या या अडचणीमुळे, असे आमचे मत आहे.

त्यांचा दुसरा चित्रपट 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' रंगीत आणि अवघ्या सहा मिनिटांचा होता. त्याची एकमेव प्रत प्रदर्शनासाठी दिल्लीला गेली आणि तेथेच हरवली. २०१६ साली आशिम अहलुवालिया यांनी त्याच नावाचा माहितीपट केला. त्यात वृद्ध पदमसींच्या साहाय्याने हरवलेल्या कृतीची पुनर्रचना करण्याचा प्रयत्न आहे.

साहित्याच्या अभ्यासकास ही स्थिती अपरिचित नाही. गुणाढ्याची 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'सारख्या उत्तरकालीन ग्रंथांतून आपण तिचा अदमास घेतो. मात्र 'बृहत्कथा' आणि आपण यांच्यामध्ये शतकांचे अंतर आहे. पदमसींचा चित्रपट हरवला तो छापखाने, संग्रहालये आणि समीक्षक यांच्या देखत. चित्रकलेच्या जाणकारांनी त्यास चित्रपट मानले, चित्रपटाच्या जाणकारांनी चित्रकाराचा विरंगुळा. दोघांच्या मध्ये तो निसटला.

क्लाउड चेंबर हे भौतिकशास्त्रातील एक उपकरण आहे. त्यात अतिसूक्ष्म कण स्वतः दिसत नाही. तो गेल्यावर बाष्पात उमटलेली रेघ तेवढी दिसते आणि तिच्यावरूनच त्याचे अस्तित्व मान्य करावे लागते. पदमसींच्या या कृतीचा इतिहासही आता तसाच लिहावा लागणार आहे. रेघ पुसट होण्यापूर्वी तो लिहिला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.